घरक्रमांक नसलेलं घर

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतल्या माडिया आणि गोंड गावांत घरांच्या रांगेपासून सुटी पडलेली एक ठेंगणी झोपडी असते. कुडाच्या भिंती, वर गवत किंवा कवेलू, आत शिरायला कमरेतून वाकावं लागेल एवढं दार. काही ठिकाणी दाराच्या जागी नुसती मोकळी चौकट. पाळी आलेली बाई चार-पाच दिवस इथे राहते. तिचं जेवण घरची एखादी मुलगी नाहीतर सासू आणते आणि बाहेर ठेवून मागे फिरते. गावाच्या विहिरीला, हातपंपाला तिने हात लावायचा नाही, पुरुषाला शिवायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, सणासमारंभात यायचं नाही. या झोपडीला कुर्माघर म्हणतात.

दुर्गम भागातल्या बायकांच्या मासिक पाळीची आणि आरोग्याची चर्चा सुरू झाली की पहिल्या दोन वाक्यांतच ‘अज्ञान’ आणि ‘अंधश्रद्धा’ हे शब्द येतात. मग जनजागृतीचा कार्यक्रम ठरतो, पॅडची पाकिटं वाटली जातात, फोटो निघतो. कुर्माघराचा गेल्या शंभरेक वर्षांचा माग काढत गेलं की मात्र चित्र वेगळं दिसू लागतं. तिथे राहणाऱ्या बाईच्या स्वच्छतेच्या आड जे येतं त्यातलं पुष्कळसं तिच्या डोक्यात नसून पाण्याच्या पाइपात, विजेच्या खांबात आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आहे. आणि त्यातला बराचसा भाग जुना नाही, अलीकडचा आहे.

छापील नोंदींपासून सुरुवात करू. मध्य प्रांताचे अधिकारी आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली या प्रांतातल्या जाती-जमातींची माहिती चार खंडांत प्रसिद्ध केली. आजचा गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात होता. गोंडांवरच्या दीर्घ प्रकरणात पाळीतल्या माडिया बायकांबद्दल थोडकी ओझरती माहिती आहे: गावाबाहेर त्यांच्यासाठी वेगळं घर असतं, नातेवाईक अन्न दारापुढे ठेवून निघून जातात, ते गेल्यावर बाई बाहेर येऊन ते घेते, आणि या काळात तिचं तोंड पाहणाऱ्यावर मोठं अरिष्ट येतं असा समज आहे. या वर्णनात अन्न आहे, दार आहे, भीती आहे. पाणी नाही, कापड नाही. ती कुठे अंघोळ करत होती, काय वापरत होती, ते कुठे धूत होती, हे विचारायचं लिहिणाऱ्यांना सुचलं नाही. विचारायचं म्हटलं तरी ज्या बाईचं तोंडही पाहायचं नाही तिला एका साहेबाने विचारायचं कसं?

पुढे बस्तर संस्थानचा कारभार पाहिलेल्या डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचं माडिया गोंडांवरचं पुस्तक १९३८ साली आलं. त्यांनी अबुझमाडच्या डोंगरातल्या माडियांची घरं, शेती, देव, मृतांची स्मारकं सविस्तर मांडली आणि बायकांच्या या वेगळ्या झोपडीचीही दखल घेतली. ही नोंद एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. अबुझमाड हा भामरागडला भिडलेला डोंगराळ मुलूख. तिथवर ना पुरोहित पोचला होता ना पोथी. तरी झोपडी होती. तेव्हा ‘ही रूढी हिंदूंकडून आली’ हे सोपं उत्तर इथे लागू पडत नाही. माडियांचा स्वतःचा देव आहे, पेन. त्याच्या कोपाची भीती त्यांची स्वतःची आहे. आणि याच समाजात मुलीला जोडीदार निवडण्याची मोकळीक आहे, नवरा सोडून दुसरं घर करणाऱ्या बाईला गाव वाळीत टाकत नाही. मोकळीक आणि मनाई एकाच अंगणात नांदतात. बाहेरच्या माणसाला एक दिसलं की दुसरं दिसेनासं होतं, म्हणून कुणी आदिवासी स्त्रीला पूर्ण स्वतंत्र ठरवतो, कुणी पूर्ण गुलाम.

१९४७ साली व्हेरियर एल्विन यांचं बस्तरमधल्या मुरिया गोंडांच्या घोटुलावरचं, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या सामाईक घरावरचं, सातशेहून अधिक पानांचं पुस्तक आलं. त्यानंतर घोटुल जगभर गाजलं. अभ्यासक आले, छायाचित्रकार आले, चित्रपटवालेही आले. गडचिरोलीत त्याला गोटुल म्हणतात. गावाच्या सामाईक मालकीच्या वास्तू म्हणाव्यात तर मुख्यतः या दोनच, गोटुल आणि कुर्माघर. एकीवर ग्रंथ निघाले, पुढे काही गावांत तिला सरकारी निधीतून सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचं छप्परही मिळालं. दुसरीच्या वाट्याला पुस्तकातला एखादा परिच्छेद आला. गोटुलात पाहुणा उतरू शकतो, सभा होऊ शकते, अधिकाऱ्याला तिथे बसवता येतं. कुर्माघरात पाहुणा जात नाही, आणि जिथे पाहुणा जात नाही तिथे निधीही जात नाही.

आता १९१६ मधलं गाव डोळ्यांसमोर आणून पाहा. घर बांबूचं, कुडाचं, मातीचं, गवताचं. कुर्माघरही त्याचंच. घरात दिवा नाही, कुर्माघरात दिवा नाही. घरात मोरी नाही. सगळं गाव नदी-नाल्यावर जातं, कुर्मातली बाईही नाल्यावरच जाते, फार तर खालच्या अंगाला वेगळ्या जागी. शौचाला सगळेच रानात. थंडीत शेकायला लाकूड दोन्हीकडे सारखंच. छप्पर गळायला लागलं की रानातून गवत आणि बांबू आणून नवं घालता येई. बाई एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत जात होती. तिला एकटेपण होतं, भीती होती, बंधन होतं. तिचं हे वेगळं बसणं न्याय्य होतं असं मी म्हणत नाही. पण अंगावर घ्यायच्या पाण्यात, निजायच्या जमिनीत, रात्रीच्या अंधारात तिच्यात आणि घरच्या इतरांत फारसा फरक नव्हता.

फरक पडला तो नंतर, आणि तो विकासाने पाडला. जंगलाच्या कायद्यांनी, विशेषतः १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने, राखीव जंगलातला बांबू आणि गवत परवान्याच्या आणि गार्डाच्या मर्जीच्या विषयात नेऊन टाकलं. स्वतःच्या घरासाठी माणूस ती कटकट सोसतो. सगळ्यांच्या मालकीच्या, आणि पुरुषांनी जवळही न जायच्या झोपडीसाठी कोण सोसणार? पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. रस्ते आले, आश्रमशाळा आल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. गावातली घरं हळूहळू बदलू लागली. एका घराला कवेलू, दुसऱ्याला पत्रा. मग घरकुल योजना. २०१४ पासून स्वच्छ भारत मोहिमेत शौचालयासाठी प्रत्येक पात्र कुटुंबाला १२,००० रुपये. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं पक्कं घर. २०१७ पासून सौभाग्य योजनेत प्रत्येक घराला वीजजोडणी. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक घराला नळ.

या सगळ्या योजनांचं माप एकच आहे: कुटुंब. कुटुंबप्रमुखाचं नाव, शिधापत्रिका, आधार क्रमांक, घरक्रमांक. कुर्माघराला कुटुंबप्रमुख नाही. त्याला शिधापत्रिका नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, ज्या घरातून पंचायतीला कर यायचा नाही त्याची ओळ कशी असेल? मग तिथे खांब येत नाही, नळ येत नाही, शौचालय येत नाही. सर्वेक्षणाला आलेला माणूस प्रामाणिकपणे लिहितो की या गावात शंभर टक्के घरांना नळ आहे, शंभर टक्के घरांत शौचालय आहे. तो खोटं लिहीत नाही. पण त्या शंभर टक्क्यांमधून गावातली वयात आलेली प्रत्येक बाई महिन्यातले चार-पाच दिवस बाहेर काढली जाते.

म्हणजे तिच्या पणजीने एका अंधारातून दुसऱ्या अंधारात पाऊल टाकलं, आणि ती स्वतः बल्ब, नळ आणि कडी लागणारं न्हाणीघर मागे ठेवून अंधारात जाते. रूढी तीच आहे, तिची किंमत मात्र पिढीगणिक वाढत गेली. घर जितकं सुधारलं तितकं कुर्माघर मागे पडलं. हे लक्षात न घेता आपण या रूढीला ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणतो आणि जणू त्या बाईची आजची अवस्थाही हजारो वर्षांची असल्यासारखे हात झटकतो.

आपल्याकडच्या घरांची आठवण इथे काढायला हवी, कारण हा माग फक्त माडियांच्या दारात संपत नाही. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांतही ‘बाजूला बसणं’ होतं. लहान मुलांना सांगायचं, आईला कावळा शिवला. माजघरामागची खोली, वेगळं घोंगडं, वेगळं ताट, चौथ्या दिवशी न्हाणं. ते शहरांत कसं सुटलं? सुधारकांनी लिहिलं, खरंच. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि शरीराबद्दल मराठीत स्वच्छ बोलण्याची वाट पाडली. पण मला वाटतं त्याहून मोठं काम दहा बाय बाराच्या खोलीने केलं. गिरगाव-परळच्या चाळीत एका खोलीत सहा माणसं. बाजूला बसायचं कुठे? घरात दुसरी बाईमाणूस नाही. स्वयंपाक करणार कोण? मग नळ घरात आला, मोरी आली, बायका शाळेत शिकवायला आणि कचेरीत जायला लागल्या. देवघरापाशी आजही अनेक घरांत हात आखडतो, म्हणजे मनातून ते गेलंच आहे असं नाही. तरी रोजच्या जगण्यातून ते गेलं, आणि पाणी व खासगी जागा घराच्या आत आल्यावर गेलं. ज्यांच्या घरातून ती रूढी नळाने आणि जागेच्या टंचाईने घालवली, त्यांनी माडिया बाईकडून ती केवळ प्रबोधनाने सुटावी अशी अपेक्षा धरणं हे अन्यायाचं आहे.

आश्रमशाळेतली मुलगी हे याचं जिवंत उदाहरण. वसतिगृहात कुर्माघर नसतं. तिथे ती सगळ्या मुलींमध्ये निजते, एकाच पंगतीत जेवते, वर्गात बसते, आणि पेन कोपत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी आली की तीच मुलगी झोपडीत जाते. तिला विचारलं तर ती म्हणेल, तिथलं तिथे, इथलं इथे. तिच्या मनात दोन्ही नियम शेजारी शेजारी राहतात. तिने गावात नियम मोडला तर दंड तिला एकटीला होत नाही. घरच्यांना गावजेवण घालावं लागू शकतं, आणि पुढे पाऊस लांबला, कुणाला साप चावला, जनावर मेलं तर बोट तिच्याकडे वळतं. शिकल्यामुळे भीती गेली तरी ही जबाबदारी जात नाही. एकट्या मुलीला धीट व्हायला सांगणारे पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परत जातात.

वैद्यकाच्या बाजूने या भागातल्या बायकांच्या दुखण्याकडे जगाचं लक्ष गेलं ते १९८९ मध्ये. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार होता. प्रत्येकीमागे सरासरी ३.६ आजार. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. तोवर सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या लेखी ग्रामीण बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत तिला शरीर असतं हे या आकड्यांनी पहिल्यांदा ठणकावून सांगितलं. राणीताईंच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचं मोलही त्यातच आहे: बायका आपल्या अंगाबद्दल, पाळीबद्दल, पांढऱ्या पाण्याबद्दल आपसात जे बोलतात ते ऐकून घेतलं गेलं. १९१६ मध्ये जे विचारलं गेलं नव्हतं ते विचारायला सत्तर वर्षं लागली, आणि विचारणारी बाई असावी लागली.

या सगळ्या आजारांचं खापर पाळीच्या कापडावर फोडता येत नाही. त्यात बाळंतपणातले हाल आहेत, नवऱ्याकडून आलेले संसर्ग आहेत, रक्तक्षय आहे. पण पाळीतली ओल आणि अस्वच्छता यांचा वाटा असतोच, आणि तो नेमका कुठून येतो हे पाहण्यासारखं आहे. ओडिशातल्या रुग्णालयांत आलेल्या बायकांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पुन्हा वापरायचं कापड घराच्या आत वाळवणाऱ्या आणि संडासात ठेवणाऱ्या बायकांत बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. कापड धुतलं, साबण लावला, उन्हात खणखणीत वाळवलं तर ते वाईट नाही. कुर्माघरात यातलं काय शक्य आहे? हातपंपाला हात लावायचा नाही, तेव्हा पाणी दुसरी बाई आणून देईल तेवढंच. आधी ते पिण्याला, मग अंगाला, उरलं तर कापडाला. उन्हात वाळत घालावं तर वाटेने जाणाऱ्या पुरुषाच्या नजरेला पडणार, म्हणून ते गवताच्या छपराखाली, भिंतीच्या सापटीत, दुसऱ्या कापडाखाली. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये तर ऊन असतंच कुठे? चार महिने ते दमटच राहतं. त्या बाईला स्वच्छता कळत नाही असं म्हणण्याआधी कुणी तिथे त्या चार महिन्यांत एक कापड सुकवून दाखवावं.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्यात फार महत्त्वाची आहे आणि पाळीच्या चर्चेत क्वचित येते. पूर्व विदर्भातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आहे. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, संसर्ग, थकवा यांपैकी कशानेही या रुग्णांना हाडं फोडून निघाल्यासारख्या वेदनांचा झटका येऊ शकतो. आता डिसेंबरातली रात्र, मातीची ओली जमीन, एक चादर, आणि रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी, हे सगळं एकत्र करा. झटका आला तर हाक कोणाला मारणार? कुर्माघरात सर्पदंशाने, तापाने बायका दगावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. साप दिसतो म्हणून त्याची बातमी होते. सिकलसेलच्या वेदनेची होत नाही.

दरम्यान एक दुसरी वस्तू जगाच्या दुसऱ्या टोकाकडून या झोपडीच्या दिशेने निघाली होती. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापसाऐवजी लाकडाच्या लगद्यापासून बनवलेली पट्टी वापरली गेली. ती रक्त चांगलं शोषते हे परिचारिकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती पाळीतही वापरली. युद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने १९२० च्या सुमारास त्यातूनच ‘कोटेक्स’ बाजारात आणलं. पुढे पट्टा गेला, चिकटणारी पाठ आली, खाली प्लास्टिकचा थर आला. भारतात ही वस्तू कितीतरी वर्षं शहरातल्या केमिस्टकडे काळ्या पिशवीत गुंडाळून मिळत राहिली. खेड्यांकडे सरकारने ती पाठवायला सुरुवात केली ती थेट २०११ च्या सुमारास, निवडक जिल्ह्यांत: ‘फ्रीडेज’ नावाचं सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना, आशाताईंमार्फत, पाकिटामागे आशाताईंना एक रुपया. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत, इतर ग्रामीण बायकांना बचत गटांतून सवलतीच्या दरात. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. २०१९ मध्ये जनऔषधी केंद्रांत ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला एक मिळू लागलं.

हे सगळं चांगलंच झालं. माझी तक्रार वस्तूबद्दल नाही, तिच्या भोवतीच्या हिशेबाबद्दल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १५ ते २४ वयाच्या बायकांना विचारते की पाळीत काय वापरता. पॅड, स्थानिक पातळीवर बनवलेलं नॅपकिन, टॅम्पॉन किंवा कप म्हटलं की ‘स्वच्छ साधन’. फक्त कापड म्हटलं की नाही. २०१५-१६ मध्ये देशात हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ७८ टक्के झालं. मोठी वाढ आहे. पण ज्या बाईने पॅड बदललं, तिच्याकडे हात धुवायला पाणी होतं का, बदलायला आडोसा होता का, एक पॅड तिने किती तास वापरलं, हे त्या टक्क्यात येत नाही. कुर्माघरात बसलेल्या मुलीच्या हातात पॅड असेल तर ती ‘स्वच्छ’ रकान्यात जाते, आणि स्वतःच्या न्हाणीघरात कापड धुऊन उन्हात वाळवणारी बाई त्या रकान्याबाहेर राहते. साधन मोजणं सोपं आहे, कारण ते विकत घेता येतं आणि वाटता येतं.

पॅड वापरून झाल्यावर त्याचं काय, हा प्रश्नही झोपडीपाशी येऊन थांबतो. शहरात ते निदान घंटागाडीत जातं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी पिशवी द्यावी असं म्हटलं. पण घंटागाडी नसलेल्या गावात त्या पिशवीचं काय करायचं? कापड मातीत कुजतं, पॅडचं प्लास्टिक कुजत नाही. नाल्यात टाकावं तर खालच्या गावाचं पाणी तेच. पुरलं तर कुत्री उकरतात. पावसाळ्यात जाळावं तर ओलं जळत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तेव्हा नवीन पाकिटंही येत नाहीत. मुलीला पॅडची सवय लावायची आणि पुराच्या महिन्यात ते पोचवायचं नाही, ही तिची फसवणूक आहे. त्या दिवसांसाठी कापड नीट कसं वापरावं हे तिला सांगणारं कुणी उरलेलं नसतं, कारण कापड आता मागासलेपणाचं चिन्ह ठरलेलं असतं. धुऊन पुन्हा वापरता येणारे शिवलेले कापडी पॅड आणि कप हे उपाय या भागासाठी अधिक शहाणपणाचे आहेत, असं माझं मत आहे. पण तेही पाण्याशिवाय चालत नाहीत. फिरून फिरून आपण पाण्याशी येतो.

झोपडीचं काय करायचं, हा वाद गेल्या दहा वर्षांतला. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ही प्रथा बायकांच्या मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन ठरवून ती संपवण्यास महाराष्ट्र सरकारला सांगितलं. गडचिरोलीतल्या ‘स्पर्श’ या संस्थेच्या डॉ. दिलीप बारसागडे यांनी दोनशेहून अधिक कुर्माघरं फिरून पाहिली. त्यातली बहुतेक अस्वच्छ आणि असुरक्षित आढळली. मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने काही गावांत जुन्या झोपडीच्या जागी खोली, संडास, न्हाणीघर, पाणी आणि सौर दिवे असलेली पक्की घरं उभी केली. तुकुम गावातल्या अशा घराची बातमी २०२१ मध्ये जगभर गेली. जिल्हा प्रशासनाच्या बाजूने ‘महिला विसावा केंद्र’ हे नाव पुढे आलं. लगेच आक्षेपही आला: झोपडी पक्की केली म्हणजे प्रथाही पक्की केली.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. विटाळाची कल्पना सिमेंटच्या भिंतींमुळे सभ्य दिसू लागते, यात तथ्य आहे. पण नेपाळचा अनुभवही समोर आहे. तिथल्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत छाउपडी नावाची अशीच प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बेकायदा ठरवली, २०१७ मध्ये तीन महिने कैद किंवा ३,००० रुपये दंडाची तरतूद झाली, पुढे पोलीस नेऊन हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. झोपडी पडली, भीती उभीच राहिली. आणि बायका पडक्या भिंतींच्या आडोशाला, कुठे गोठ्यात, कुठे उघड्यावर निजू लागल्या. माडिया बायकांत ‘हे बंद करा’ म्हणणाऱ्या आहेत, तशा ‘चार दिवस पाणी भरायचं नाही, धान कांडायचं नाही, नवऱ्याची कटकट नाही, सगळ्याजणी मिळून बोलत बसतो’ म्हणणाऱ्याही आहेत. त्या दुसऱ्या बाईला अडाणी म्हणून उडवून लावणं सोपं आहे. तिच्या बोलण्यात उरलेल्या सव्वीस दिवसांच्या कामाचा हिशेब आहे, तो ऐकला पाहिजे. प्रथा टिकेल की जाईल हे त्या बायका ठरवतील, आणि ठरवायला त्यांना दहा वर्षं लागली तर त्या दहा वर्षांतली प्रत्येक रात्र नळ, दिवा आणि कडी असलेल्या जागेत जायला हवी, हे माझं मत आहे.

त्यासाठी नव्या योजनेची गरजही नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधी थेट मिळतो, पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालचा, अबंध निधी. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. म्हणजे गावातल्या बायकांनी ठराव केला तर कुर्माघराला विंधनविहिरीतून पाइप, सौर दिवा, संडास, वापरलेल्या पॅडसाठी झाकणाची खोल खड्डा-टाकी आणि वाळत घालायला उन्हातलं पण आडोशाचं अंगण, हे सगळं त्या निधीत बसू शकतं, आणि नोंदवहीत त्या घराची एक ओळही होऊ शकते. अडचण एवढीच की सभा गोटुलात किंवा पंचायतीच्या कचेरीत भरते, आणि ज्या बायका त्या दिवशी कुर्मात आहेत त्या तिथे येऊ शकत नाहीत. गळकं छप्पर कुठलं, रात्री साप कुठून शिरतो, पाणी किती कमी पडलं हे सकाळीच अनुभवलेल्या नेमक्या त्याच बायका ठरावाच्या वेळी गैरहजर. महिला सभेची जागा बदलायला कोणत्याही कायद्याची आडकाठी मला दिसत नाही. ती कुर्माघराच्या अंगणात भरवता येईल. आतल्या बायका दारात बसतील, बाहेरच्या समोर बसतील, ग्रामसेविका असेल तर ती ठराव तिथेच लिहून घेईल. पुरुष ग्रामसेवक असेल तर लांब झाडाखाली बसून, मोठ्याने विचारून लिहून घेईल.